अठरा जणांची गाडी

गुड मॉर्निंग.
नाही, असं पुटपुटत नाही. पुन्हा.
या बेटावर आधी गुड मॉर्निंग, मग प्रश्न.
दुकानात शिरल्या शिरल्या "केवढ्याला?" म्हणालात
तर मिस ऑगस्टिनाला ऐकूच येत नाही,
आणि तिची जायफळं तिच्यापाशीच राहतात.

मी क्लोथिल्ड. गाडीवर आहे तो कथबर्ट.
तो बोलत नाही, हॉर्न वाजवतो.
वळणाआधी दोनदा, चर्चपाशी एकदा,
आणि निळ्या दाराच्या एका घरासमोर, उगाच.

जहाजानं मनगटावर बांधलेला तो पट्टा
इथं नारळसुद्धा विकत घेत नाही.
सुट्या नोटा हाताशी ठेवा.
तुमचा डॉलर दिलात तर उरलेले पैसे आमच्या डॉलरात मिळतील,
नोटेवर समुद्र जास्त, किंमत कमी.
त्याला लबाडी म्हणू नका, बाकी काहीही म्हणा.

नदी सहा वेळा ओलांडायची आहे.
तिसऱ्या रांगेतल्या बाईंचे पांढरे बूट फार सुंदर आहेत.
आत्ताच डोळे भरून बघून घ्या.
आणि पाण्यात उतरायच्या आधी अंगाला क्रीम फासू नका,
नदीतल्या झिंग्यांना उन्हाचा काही त्रास नाही.

किनाऱ्यावर एक झाड दिसेल, खोडाला तांबडा पट्टा.
फळ छोट्या सफरचंदासारखं, वास गोड.
चाखू नका. शिवू नका.
पाऊस आला तर खुशाल भिजा,
पण त्याच्याखाली उभे राहू नका,
त्याच्या पानांवरून निथळलेलं पाणी अंगावर फोड उठवतं.
दर मोसमात कुणीतरी म्हणतंच, एवढंसं तर फळ!

फोटो डोंगराचे काढा, पोपटाचे काढा,
दिसला तर. मला दोन महिन्यांत दिसलेला नाही.
माणसांना विचारून काढा.
आणि छपरावर निळी ताडपत्री दिसली की
"किती रंगीत गाव!" असं नको.
तो रंग नाही. ते छप्पर आहे,
आठ वर्षं झाली.

आता मोजणी.
चढताना मोजीन, उतरताना मोजीन, धबधब्यापाशी दोनदा.
माझे ओठ हलत असतील तेव्हा
कृपा करून झुडपामागे जाऊ नका.

काय म्हणालात? इतक्यांदा कशाला?

वादळाच्या रात्री शाळेत मला हेच काम दिलं होतं.
एक मेणबत्ती, एक हजेरीची वही.
पत्रे उडतात तेव्हा कसा आवाज होतो
ते मी टूरमध्ये सांगत नाही, तिकिटात ते धरलेलं नाही.
रात्री आम्ही बासष्ट होतो,
तिसरीच्या वर्गात, बाकांखाली, एकमेकांच्या पायांत पाय.
पहाटे वारा पडला आणि मी मोजलं.
पुन्हा मोजलं.
जुळेना.
बोट थरथरतंय म्हणून भिंतीला टेकवून
तिसऱ्यांदा सुरुवात केली,
तेव्हा नकाशांच्या कपाटामागून कथबर्टची बायको म्हणाली,
"हिलाही धर."

वहीत रकाना नव्हता. समासात लिहिलं,
त्रेसष्ट.

ही ती. इंजिनाच्या झाकणावर उशी टाकून बसलीय, झेलिया.
शनिवारी शाळा नसते.
तिला गोळ्या देऊ नका, दोन दाढा किडल्यात,
आणि तिनं सांगितलेली झाडांची नावं
अर्धी तिनंच ठेवलेली आहेत.

जहाजाचा भोंगा पाचला, साडेपाचला ते निघतं.
ते कुणासाठी थांबत नाही.
मी थांबते, पण मला पोहता येत नाही,
तेव्हा वेळेवर या.

तर तुम्ही अठरा.
मी एकोणीसपर्यंत मोजीन, गोंधळू नका.
हात खिडकीच्या आत घ्या,
घाटात केळीची पानं चपराक मारतात.
निळं दार आलं की आज हॉर्न झेलिया दाबणार आहे.
कथबर्ट,
चल.